कोशातील अर्थवाद

आपल्या गावच्या देवस्थानाविषयी ज्ञानकोशासाठी चार ओळी लिहून द्या असे कोणी म्हटले, तर दहांतील नऊ लेखण्यांतून पहिले विशेषण उतरते ते 'जागृत'. दुसरे 'पुरातन'. देऊळ काळ्या दगडाचे असेल तर तिसरे 'हेमाडपंती' हे ठरलेलेच. मग ते यादवांचा मंत्री हेमाद्री ज्या तेराव्या शतकात होऊन गेला त्या शतकातले असो, वा त्यानंतर पाचशे वर्षांनी कोणा सरदाराने बांधलेले असो. त्यापुढे 'पंचक्रोशीत प्रसिद्ध', 'भक्तांच्या हाकेला धावणारे', 'निसर्गरम्य परिसरात वसलेले' ही मंडळी रांगेने येतात. माणसाविषयी लिहावयाचे असले तर 'थोर', 'दानशूर', 'ऋषितुल्य' हे शब्द हात जोडून उभेच असतात. लेख पुरा होतो, लिहिणारा संतुष्ट होतो, वाचणाराही मान डोलवितो; आणि देऊळ कोणी बांधले, केव्हा बांधले, पूजेची वहिवाट कोणाकडे आहे, जत्रा कोणत्या तिथीस भरते, या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या लेखात सापडत नाही.

कोशात स्तुती नको, याचे नेहमी दिले जाणारे कारण असे की स्तुतीत अतिशयोक्ती असते व अतिशयोक्ती म्हणजे असत्य. हे कारण मला पुरेसे वाटत नाही. स्तुती पुष्कळदा अगदी खरी असते. अहिल्याबाई होळकरांना पुण्यश्लोक म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नाही. तरीसुद्धा कोशकाराने स्वतःच्या तोंडाने ते विशेषण लावू नये, लोक त्यांना या उपाधीने ओळखतात एवढेच नोंदवावे, असे मी म्हणतो. असे का, हे पाहण्यासाठी प्रथम परकीय ग्रंथांकडे धावण्याची गरज नाही. स्तुतिवाक्यांचे प्रामाण्य किती, हा प्रश्न आपल्या मीमांसकांनी वेदवाक्यांच्या संदर्भात दोन हजार वर्षांपूर्वीच हाताळला आहे, आणि त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही अर्वाचीन संपादकाच्या नियमावलीपेक्षा अधिक खोल आहे.

जैमिनीच्या सूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात अर्थवादाचा विचार येतो. वेदाचे प्रयोजन कर्म सांगणे हे; मग ज्या वाक्यांत कर्म सांगितलेलेच नाही, नुसती स्तुती वा निंदा आहे, त्यांचे करावयाचे काय? शास्त्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण वायुदेवतेच्या यागाचे आहे. ऐश्वर्याची इच्छा करणाऱ्याने वायूला श्वेत पशू अर्पण करावा, हा विधी. त्याच्या शेजारीच वायू ही अत्यंत शीघ्र देवता आहे असे वाक्य येते. हे दुसरे वाक्य वायूच्या वेगाविषयीची माहिती म्हणून स्वतंत्रपणे प्रमाण मानावयाचे काय? मीमांसकांचे उत्तर असे की ते स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. ते विधीची प्रशंसा करून कर्त्याला कर्माकडे प्रवृत्त करते, आणि विधीशी एकवाक्यता पावूनच त्याला प्रामाण्य येते. विधी काढून घ्या, अर्थवाद अधांतरी लोंबकळतो.

येथे मीमांसकांनी स्तुतीला खोटे म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे. त्यांनी फक्त विचारले की ही स्तुती कोणत्या विधीला जोडलेली आहे. हाच प्रश्न आपण ज्ञानकोशातील विशेषणांना विचारून पाहू. कीर्तनात, पालखीपुढे, आरतीत स्तुती येते तेव्हा तिचा विधी उघड असतो: भजा, शरण या. दुकानाच्या पाटीवर येते तेव्हाही उघड असतो: माल घ्या. परंतु ज्ञानकोश कोणालाही काहीही करावयास सांगत नाही. त्यात विधीच नाही. म्हणून त्यात अर्थवादाला जोडून घेण्यासाठी काही उरत नाही. आणि तरीही एखाद्या लेखात स्तुती आढळली, तर विधी कोठेतरी झाकून ठेवलेला आहे असे समजावे व तो शोधावा. 'दर्जेदार शिक्षण देणारी अग्रगण्य संस्था' याचा झाकलेला विधी 'प्रवेश घ्या' हा असतो. 'लोकप्रिय व कर्तव्यतत्पर नेतृत्व' याचा विधी निवडणुकीच्या दिवशी प्रकट होतो. देवस्थानाच्या लेखात तो बहुधा 'या व देणगी द्या' असा असतो, आणि क्वचित, दोन घराण्यांत मानपानाचा वाद चालू असल्यास, 'आमचाच मान मोठा' असाही असतो.

मीमांसकांनी अर्थवादाचे तीन प्रकार केले. जे वाक्य इतर प्रमाणांशी उघड विरोधात जाते तो गुणवाद. यज्ञातील यूप हाच सूर्य, हे त्याचे उदाहरण. जे आधीच सर्वांना माहीत आहे तेच सांगणारा तो अनुवाद. अग्नी हे थंडीवरचे औषध, हे त्याचे. आणि ज्याला विरोधही होत नाही व जे अन्य प्रमाणाने कळूनही येत नाही तो भूतार्थवाद; इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, हे त्याचे. कोशाच्या संपादकाला ही विभागणी अगदी हातात धरून वापरता येते. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले, हा गुणवाद. त्याने फारसे कोणी फसत नाही, आणि 'अशी आख्यायिका आहे' एवढे शब्द जोडले की तो निरुपद्रवी होतो. शिक्षणतज्ज्ञाला शिक्षणाविषयी तळमळ होती, हा अनुवाद. खोडला तरी कोणाचे काही बिघडत नाही. खरा धोका तिसऱ्यात आहे. 'या देवस्थानाची कीर्ती शिवकालापासून सर्वदूर पसरलेली होती' या वाक्यात अशक्य असे काही नाही, आणि ते खरे की खोटे हे कळण्याचा मार्गही नाही. वाचणारा ते मान्य करतो. दुसरा लेखक तेथून उचलतो. तिसरा दुसऱ्याचा आधार देतो. आम्हा वकिलांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ऐकीव पुरावा तीन तोंडांतून फिरून कागदोपत्री पुरावा म्हणून दाखल होतो.

स्तुतीने होणारे नुकसान मात्र याहून वेगळे आहे, आणि ते मला अधिक जाणवते. ती जागा अडवते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांविषयी 'प्रजावत्सल', 'ज्ञानप्रेमी', 'द्रष्टे' ही विशेषणे लिहून दोन ओळी भरता येतात. त्याच दोन ओळींत असेही लिहिता येते की १८९३ साली त्यांनी अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ साली ते सबंध संस्थानास लागू केले. पहिल्या दोन ओळी हिंदुस्थानातील वाटेल त्या संस्थानिकास चिकटविता येतील आणि दरबारी ग्रंथकारांनी त्या तशा चिकटविल्याही आहेत. दुसऱ्या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत.

राजस्तुतीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शिलालेखांकडेही पाहिले पाहिजे. कारण प्रशस्तीची जी परंपरा आपल्या हाडीमांसी भिनली आहे तिचे मूळ तेथे आहे. बेळगावहून फार दूर नसलेल्या ऐहोळे येथील रविकीर्तीचा लेख इ. स. ६३४ चा आहे. दुसऱ्या पुलकेशीचे पराक्रम त्यात काव्यात वर्णिलेले आहेत. त्यातला कोणता पराक्रम किती खरा, यावर इतिहासकारांचा वाद चालत असतो. परंतु रविकीर्तीने ओघात स्वतःचीही स्तुती करून घेतली आणि आपली कीर्ती कालिदास व भारवी यांच्या तोडीची असल्याचे सांगितले. ती तोडीची होती की नव्हती हे कोणी विचारीत नाही. पण या फुशारकीमुळे एक गोष्ट निश्चित झाली: इ. स. ६३४ पूर्वी कालिदास व भारवी हे प्रसिद्ध होऊन चुकले होते. कवीने जे सांगावयाचे ठरविले होते ते निरुपयोगी ठरले, आणि जे त्याच्या हातून सहज निसटले ते पुरावा म्हणून टिकले.

ताम्रपटांचेही तसेच. आरंभी बिरुदावली, वंशवर्णन, शत्रुस्त्रियांचे अश्रू. आणि शेवटी, जागा संपत आल्यासारखे, गावाचे नाव, चतुःसीमा, प्रतिग्रहीत्याचे गोत्र, तिथी. माझ्यासारख्या मनुष्याचा डोळा प्रथम शेवटच्या ओळींवर जातो. राजाला त्या ओळी क्षुल्लक वाटत असतील. जमीन ज्याला मिळाली त्याला त्या तशा वाटत नव्हत्या.

याच्या उलट टोकाला इंग्रजी अमदानीचे गॅझेटिअर. जेम्स कॅम्बेल याच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याचे खंड निघाले. कानडा व बडोदे १८८३ साली, बेळगाव १८८४ साली. पीक, पाऊस, बाजाराचे दिवस, देवळांची मापे, जत्रेची गर्दी, हे सर्व त्यांत इतक्या कोरडेपणाने दिलेले आहे की वाचणाऱ्याचा घसा सुकावा. आमच्या न्यायालयांत ते खंड अद्याप उघडले जातात ते या कोरडेपणामुळेच. पण ज्ञातींची वर्णने वाचू लागा. ही ज्ञात काटकसरी, ती आळशी, ही अस्वच्छ पण शांत, ती कष्टाळू पण दारूबाज. हजारो माणसांना एकेक विशेषण वाटून दिलेले. हाही अर्थवादच, मीमांसकांनी निंदेलाही त्याच सदरात घातले आहे ते उगाच नव्हे. वाक्य कोरडे असले म्हणजे ते निःपक्षपाती असते असे नाही, ही गोष्ट गॅझेटिअरने शिकविली. त्या विशेषणांमागचा झाकलेला विधी काय होता, हे वाचकांस सांगावयास नको.

मराठीत ज्ञानकोशाची कल्पना प्रत्यक्षात उतरविली ती श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. १८८४ साली रायपुरास जन्मलेल्या, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची १९११ सालची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या गृहस्थाजवळ पैसा नव्हता, राजाश्रय नव्हता, विद्यापीठ नव्हते. त्यांनी चक्क एक लिमिटेड कंपनी काढली. नागपुरास ज्ञानकोश मंडळ नोंदविले, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले, पुढे बिऱ्हाड पुण्यास हलविले, आणि १९२० पासूनच्या दशकात तेवीस खंड महाराष्ट्राच्या हाती दिले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनेचे, बावीसावा सूचीचा, तेविसावा हिंदुस्थानावरचा. या खटाटोपाची हकीकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहूनही ठेविली आहे. इतका व्यवहारी कोशकार आपल्याकडे दुसरा झाला नाही.

केतकरांच्या योजनेत एक पेच अंगभूत होता, आणि तो कायद्याच्या मनुष्यास विशेष आकर्षून घेतो. कोशाचे भाग घेणारा, वर्गणी भरणारा, ओळखीच्या चार घरी शब्द टाकणारा जो मनुष्य, त्याचे गाव कोशात येणार, त्याची ज्ञात येणार, त्याचे संस्थान येणार, त्याच्या गुरूचा मठही येणार. ग्राहक हाच विषय. मालकी व मजकूर यांच्यामध्ये भिंत घातली नाही तर असा कोश म्हणजे वर्गणीदारांची मानपत्रे एकत्र बांधलेला ग्रंथ व्हावयाचा. ही भीती काल्पनिक नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जिल्ह्याजिल्ह्यांचे इतिहास अशाच वर्गणीवर निघाले. जो पैसे भरील त्याचे चरित्र आणि तसबीर आत, जो न भरील तो इतिहासातून बाहेर. ते ग्रंथ तेथील ग्रंथालयांत आजही आहेत आणि थट्टेचा विषय आहेत. केतकरांनी कोश विकण्यासाठी जे काही बोलावयाचे ते कोशाच्या बाहेर बोलले. जातिसंस्थेच्या इतिहासावर लिहिणारा हा मनुष्य स्वभावानेच फटकळ. सर्वांना थोडेथोडे दुखविण्याची त्याची तयारी होती आणि या कामी तो फटकळपणा गुणच ठरला. त्यांची सर्व मते आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु ज्ञानकोश हा भाट नव्हे, हे मराठी वाचकाला प्रथम त्यांच्या खंडांनी दाखविले.

त्यांच्यानंतरच्या कोशकारांत सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश आहेत, आणि वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो सरकारी खर्चाचा विश्वकोश आहे. परंतु आम्हा गोमंतकीयांना येथे आठवण व्हावी ती महादेवशास्त्री जोशी यांची. सत्तरीतील आंबेडे गावचा हा शास्त्री मुळात कथाकार. माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणे हा त्याच्या लेखणीचा धर्म. त्याच लेखणीने १९६२ ते १९७९ या काळात भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. देव, व्रते, क्षेत्रे, जत्रा हा त्यांचा विषय, म्हणजे स्तुतीला जेथे आवरणे अत्यंत कठीण असा. त्यांनी श्रद्धा गाळली नाही. कथा दिली ती कथा म्हणून दिली, आणि व्रत सांगितले ते कसे करतात हे सांगून दिले. पुढे देवस्थानांविषयी लिहिणाऱ्याला याहून वेगळा गुरू शोधण्याचे कारण नाही.

ज्या पाश्चात्य कोशांचा आदर्श केतकरांपुढे होता तेही या रोगापासून मुक्त नव्हते. ब्रिटानिकाची नववी आवृत्ती १८८९ साली पुरी झाली आणि १८९८ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्राच्या नावाने, हप्तेबंदीने, जाहिरातींचा पाऊस पाडून ती पुन्हा विकली गेली. जाहिरात पुठ्ठ्याच्या बाहेर राहिली, एवढे तिच्या चालकांच्या बाजूने म्हणता येईल. पण पुठ्ठ्याच्या आत काय होते? १९१७ साली विलर्ड हंटिंग्टन राइट या अमेरिकन टीकाकाराने एक सबंध पुस्तक लिहून दाखविले की दुय्यम इंग्रज ग्रंथकारांना तेथे रकानेच्या रकाने आणि गौरवाची विशेषणे मिळतात, तर इतर देशांचे श्रेष्ठ लोक चार ओळींत संपतात. (हाच राइट पुढे टोपणनावाने रहस्यकथा लिहून गबर झाला, पुरावे गोळा करण्याची सवय वाया गेली नाही म्हणावयाचे.) स्तुती पैशाने विकत घेतलेली नसली तरी ती स्वकीयांच्या वाट्यास आपोआप जाते, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा.

आणि सत्तेने लिहविलेल्या स्तुतीचा शेवट कसा होतो, हे पाहावयाचे तर सोव्हिएत महाकोश पाहावा. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या खंडात लाव्हरेन्ती बेरिया या पोलीसप्रमुखाचा गौरवपूर्ण लेख होता, सोबत पानभर तसबीर. १९५३ च्या डिसेंबरात बेरियास देशद्रोही ठरवून गोळी घालण्यात आली. १९५४ च्या आरंभी वर्गणीदारांच्या घरी टपालाने काही पाने आली: जुनी पाने पात्याने कापून काढावी व ही त्या जागी चिकटवावी. नव्या पानांवर बेरिंगच्या समुद्राची सविस्तर माहिती होती.

आपल्या काळात ज्ञानकोश छापखान्यातून निघून संगणकाच्या पडद्यावर गेला. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला. मराठीत तो २००३ पासून आहे, गोव्याच्या कोंकणीत २०१५ पासून. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, ही त्याची रीत. म्हणून स्तुती बाहेर ठेवण्याचा प्रश्न तेथे एका संपादकाचा न राहता सर्वांचा झाला. त्यांच्या नियमांत फुगीर विशेषणांना मोराच्या पिसाऱ्याची उपमा दिलेली आहे, आणि उपाय सांगितला आहे तो हाच की गौरवाचा शब्द काढून त्या जागी ज्यामुळे तो गौरव वाटला ती घटना लिहावी. आणि मत द्यावयाचेच असेल तर ते कोणाचे, हे सांगावे. शबरस्वामींना हा नियम परका वाटला नसता.

नियम होताच झाकलेल्या विधीचा बाजार भरला. पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या पेढ्या निघाल्या. २०१४ च्या जूनमध्ये विकिपीडियाच्या चालक संस्थेने आपल्या अटींत बदल करून, मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो उघड केलाच पाहिजे असे बंधन घातले. पुढच्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियावर एकाच टोळीची ३८१ खाती बंद करावी लागली आणि २१० लेख काढून टाकावे लागले. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. लहान व्यापारी, कलावंत वगैरेंचे जे लेख जाहिरातवजा म्हणून नाकारले जात, ते हेरावयाचे. त्या माणसाला गाठून पैशाच्या बदल्यात लेख प्रसिद्ध करून द्यावयाचा. आणि नंतर लेख 'सुरक्षित' ठेवण्यासाठी दरमहा पैसे मागावयाचे. स्तुती विकत घेतली की तिची चौथाईही भरावी लागते, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती. इंग्रजीत असे प्रकार उघडकीस येतात, कारण तेथे राखण करणारे पुष्कळ. मराठी व कोंकणी कोशांवर डोळा ठेवणारी माणसे थोडी. तेथे एक फुगीर लेख वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, आणि आपली भाषा शिकणारी मुले तोच वाचून निबंध लिहितात.

न्यायालयांचेही याकडे लक्ष गेलेले आहे. सार्वजनिक इतिहास, वाङ्मय, शास्त्र, कला या बाबतींत योग्य संदर्भग्रंथांचे साहाय्य घेण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायाधीशांस दिली होती. त्या मुभेत विकिपीडिया बसतो काय? २०१० साली वेलुसामी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहविषयक एका संज्ञेसाठी त्याचा उल्लेख केला. तर त्यापूर्वी एसर इंडियाच्या सीमाशुल्काच्या प्रकरणात आणि पुन्हा २०२३ च्या जानेवारीत ह्यूलेट पॅकार्डच्या प्रकरणात, कोणीही भर घालू शकेल अशा स्थळांवर भिस्त ठेवण्याविषयी त्याच न्यायालयाने सावध केले. माझ्या मते लिहिणारा अनोळखी आहे हा यातला मुख्य दोष नव्हे; गॅझेटिअरचे कारकूनही अनोळखीच होते. साक्षीदाराने काय पाहिले ते सांगावे, त्याला काय वाटते ते सामान्यतः सांगू नये, हे त्या जुन्या कायद्याचे सूत्र होते. २०२४ च्या जुलैत नवा साक्ष अधिनियम अमलात आला तरी ते सूत्र तसेच राहिले आहे. लेखातील वाक्य पाहिल्याचे आहे की वाटल्याचे, एवढी निवड वाचकाला करता आली म्हणजे पुष्कळ झाले.

आता पुन्हा देवस्थानांकडे. गेल्या काही वर्षांत दोनतीन देवस्थानांच्या समित्यांनी आपापली टिपणे कोशात घालण्यापूर्वी मजकडे नजरेखालून घालण्यासाठी पाठविली. 'जागृत' हा शब्द मी खोडलेला पाहून एका वयोवृद्ध महाजनांनी विचारले, "वकीलबाब, हा देवाचा अपमान नव्हे काय?" प्रश्न मनापासूनचा होता आणि त्याला तसेच उत्तर देणे प्राप्त होते. मी म्हटले, आपण कौलासाठी देवापुढे उभे राहतो, मूर्तीला पाकळ्या लावल्या जातात, उजवी पडते की डावी हे श्वास रोखून पाहतो; त्या वेळी देव जागृत आहे हे सांगावे लागत नाही. मग कोशात लिहू या की या देवळात कौल लावण्याची प्रथा आहे, तो कोण लावतो, कोणत्या दिवशी लावीत नाहीत, आणि कोणकोणत्या गावचे कुळावी त्यासाठी येतात. ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच कौलाच्या प्रथेतील तीन तपशील सांगितले जे टिपणात कोठेही नव्हते.

आपल्या देवळांच्या इतिहासात तर स्तुतीला जागा देण्याइतकी रिकामी जागाच नाही. मंगेशाची मूर्ती १५६० साली साष्टीतील कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदीपार तेव्हाच्या आदिलशाही मुलखात प्रियोळ येथे नेली गेली. १७३९ साली रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. तिचे आजचे देऊळ शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधविले. दारावर लेख आहे. या वाक्यांत एकही विशेषण नाही. रात्रीच्या वेळी देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्यांची भीती ज्याला या सनांतून दिसत नाही, त्याला 'श्रद्धेचा धगधगता इतिहास' असे लिहूनही ती दिसावयाची नाही.

आणि या देवळांची नावे आपल्यापर्यंत आली तरी कशी? माहात्म्ये आपल्याजवळ होती. सह्याद्रिखंड होते, गोमंतकातील हडफड्यात जन्मलेल्या डॉक्टर जेर्सोन द कुन्य यांनी ते १८७७ साली हस्तलिखिते ताडून मुंबईस छापले. त्यात क्षेत्रांची स्तुती आहे, काही ज्ञातींची स्तुती आहे, काहींची निंदाही आहे, आणि त्या निंदेवरून झालेले तंटे प्रसिद्ध आहेत. परंतु साष्टीतील कोणत्या गावी कोणते देव होते, त्यांच्या नावे कोणती शेते, कोणत्या बागा, दिव्याच्या तेलासाठी कोणता तुकडा, हे सांगते ते १५६७ सालचे पोर्तुगीजांचे फोराल. देवळे पाडल्यावर त्यांच्या उत्पन्नाची व्यवस्था लावण्यासाठी केलेली ही मोजदाद. लिहिणाऱ्या कारकुनांना त्या देवांविषयी तिळभर आदर नव्हता. पण उत्पन्न चुकू नये म्हणून त्यांनी देवाचे नाव गाळले नाही आणि शेताचेही गाळले नाही. पाडणाऱ्याची यादी आज त्या देवांची सर्वांत बोलकी साक्ष आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकाने गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालविले ते अशा कागदांसाठी, स्तोत्रांसाठी नव्हे.

स्वतः देवस्थानांच्या कपाटांतही असे कागद आहेत. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली देवस्थानांच्या कारभाराचे नियम केले. महाजनांची नोंदवही, अंदाजपत्रक, दागिन्यांची यादी ठेवणे त्यांमुळे भाग पडले. परसत्तेचा तो जाच होता, यात संशय नाही. मोडीतल्या त्याआधीच्या जमाखर्चाच्या वह्या वेगळ्या. पैकी कित्येकांना वाळवी लागली आहे, कित्येक 'जुनी रद्दी' म्हणून गेल्या.

ज्या टिपणाचा मी वर उल्लेख केला त्यातील विशेषणे काढल्यावर मूळच्या दोन पानांचे अर्धे पान उरले. समितीचे सभासद थोडे खट्टू झाले. तेव्हा मुखत्यारांनी कपाट उघडून दागिन्यांची एक जुनी यादी काढली, पोर्तुगीजमधली, शाई पिवळी पडलेली. तीत समयांचा एक जोड, त्याचे वजन, आणि तो देणाऱ्या बाईचे नाव होते. ती देवळाच्या सेवेतील घराण्यापैकी होती. आरतीच्या वेळी आजही त्याच समया लागतात, पण त्या कोणाच्या हे कोणास ठाऊक नव्हते. टिपणाच्या चवथ्या वाक्यात आता तिचे नाव आहे, पुढे कंसात साल.